पंचवीस गुणांवर नापास, बावीसवर पास

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला भौतिकशास्त्रात १०० पैकी ८६ होते. पहिल्या सत्रात ‘यंत्रशास्त्र आणि पदार्थांचे गुणधर्म’ हा २ क्रेडिटचा, ५० गुणांचा पेपर होता. इंटर्नलला १५ पैकी १३ आणि सत्रान्त लेखी परीक्षेत ३५ पैकी १२ मिळाले. बेरीज २५, आणि निकालात ‘एफ’. मैत्रिणीला इंटर्नलला ७ आणि लेखीत १५, म्हणजे एकूण २२, आणि ती पास. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली तर एका गणिताचं उत्तर बरोबर असूनही ५ पैकी २, आणि ‘सिलॅबसबाहेरच्या’ पुढच्या गणिताला १. प्रॅक्टिकलला ५० पैकी ३१. खरी रीडिंग घेऊन ‘जी’ची (गुरुत्वत्वरणाची) किंमत ९.६ आली, तर ज्यांनी सरळ ९.८ लिहिली त्यांना चाळीसच्या वर. तिचे प्रश्न असे: पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू का? विभागप्रमुखांना भेटून काही होईल का? की पुढच्या वर्षी मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडताना भौतिकशास्त्र सोडून रसायनशास्त्र घेऊ?

उत्तर:

आधी तुझ्या २५ आणि मैत्रिणीच्या २२ बद्दल, कारण राग तिथून सुरू झालाय. तू निकालासोबत परिपत्रकाचा जो फोटो पाठवलास त्यातच उत्तर आहे: प्रत्येक भागात स्वतंत्रपणे ४० टक्के. म्हणजे इंटर्नलला १५ पैकी किमान ६ आणि लेखीला ३५ पैकी किमान १४. मैत्रीण दोन्हीकडे पार झाली. तू एकीकडे दुपटीहून पुढे गेलीस आणि दुसरीकडे २ गुणांनी अडलीस. बेरीज बघण्याची पाळी दोन्ही भाग सुटल्यावर येते.

नियम आडमुठा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. इंटर्नलचे गुण कॉलेजागणिक, शिक्षकागणिक सढळ किंवा आखडते असतात. नुसत्या बेरजेवर पास केलं, तर १५ पैकी १५ इंटर्नल मिळालेल्याला लेखीत ३५ पैकी ५ पुरले असते. तेवढ्यावर कुणी पुढच्या सत्रात गेलं तर तिथे त्याचे हालच होतील. माझी तक्रार नियमापेक्षा तो सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. सत्राच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची गोष्ट मुलांना निकालाच्या दिवशी कळते.

आता तुझं एक गृहीतक. ‘इंटर्नलला १३ आहेत म्हणजे विषय येतोय’ असं तू धरून चालली आहेस. त्याच पत्रात तू लिहिलंयस की युनिट टेस्ट सरांनी दिलेल्या वीस प्रश्नांच्या क्वेश्चन बँकेतूनच आली होती आणि ती तुझी तोंडपाठ होती. म्हणजे त्या १३ गुणांनी मोजलं काय, तर पाहिलेले प्रश्न पुन्हा लिहिता येतात की नाही. बारावीचे ८६ही बऱ्याच अंशी त्याच जातीचे. ७० गुणांची थिअरी, तीन तास, एकच ठरलेलं पाठ्यपुस्तक, सवडीपुरते पर्यायी प्रश्न. तिथे मेहनत केलीस आणि तिचं फळ मिळालं, यात काही खोटं नाही. पण पदवीच्या लेखी परीक्षेत न पाहिलेला प्रश्न मुद्दाम घातलेला असतो, आणि तुझे गुण नेमके तिथेच गळालेत. तू पाठवलेल्या दोन पानांवर ते स्वच्छ दिसतं.

पहिलं गणित: ३०° च्या उतारावरून २ किलोचा ठोकळा घसरतो, घर्षणाचा गतिज गुणांक ०.२०, स्थिर अवस्थेतून १.५ मीटर घसरल्यावर वेग किती? तू एका ओळीत पाठ केलेलं सूत्र लिहिलंस, कॅल्क्युलेटर चालवलास आणि ‘३.१’ लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. उत्तर बरोबर आहे. पण अशा ५ गुणांची विभागणी साधारणपणे अशी असते: बलांच्या आकृतीला १, उताराला लंब आणि समांतर अशा दोन समीकरणांना २, त्वरणाच्या किमतीला १, एककासहित अंतिम उत्तराला १. तुझ्या पानावर आकृती नाही, दोन्ही समीकरणं नाहीत, एककही नाही. परीक्षकाने एक गुण सूत्राला आणि एक उत्तराला दिलेला दिसतो. ‘मीटर प्रति सेकंद’ नसताना उत्तराचा गुण मिळाला हे तुझं नशीबच.

उत्तर आलं ना, मग वाट कशाला दाखवायची? याचं उत्तर लगेच पुढच्या गणितात आहे, ज्याला तू सिलॅबसबाहेरचं म्हणतेस. तोच उतार, तोच ठोकळा, पण आता तो ४ मीटर प्रति सेकंद वेगाने वर ढकललाय. किती अंतर चढून थांबेल? तू तेच सूत्र वापरलंस: ९.८ × (साइन ३०° − ०.२० × कॉस ३०°), म्हणजे ३.२० त्वरण, आणि अंतर २.५ मीटर. पण ठोकळा वर जाताना घर्षण खालच्या दिशेने असतं. म्हणजे वजाच्या जागी अधिक येतो, मंदन ६.६० होतं आणि अंतर सुमारे १.२ मीटर. आकृती काढली असतीस तर घर्षणाचा बाण कुठे दाखवायचा असा प्रश्न पडलाच असता, आणि तो पडला की गणित सुटलंच म्हणायचं. आणखी एक बघ. उतार अगदी गुळगुळीत असता, घर्षण शून्य असतं, तरी ठोकळा १६ भागिले ९.८, म्हणजे १.६३ मीटरच चढला असता. घर्षण असताना तो २.५ मीटर कसा चढेल? उत्तर लिहिल्यावर अर्धा मिनिट ही तपासणी केली असतीस तर चूक तिथल्या तिथे सापडली असती, आणि तुला कमी पडलेले २ गुण याच एका प्रश्नात होते. हे गणित सिलॅबसबाहेरचं नाही. सिलॅबसमध्ये ‘घर्षण’ लिहिलेलं आहे. ‘खाली घसरणाऱ्या ठोकळ्याचं घर्षण’ असं कुठेही नाही.

म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक गणिताला क्रम हाच ठेव. दिलेल्या किमती एककांसह लिही आणि सगळ्या एकाच पद्धतीत आण; सेंटिमीटर आणि मीटर एका ओळीत मिसळले की गुण गेलाच. आकृती काढ, तिच्यावर प्रत्येक बलाचा बाण आणि धन दिशा दाखव. नियम शब्दांत किंवा समीकरणात लिही. अक्षरांतलं सूत्र आधी पूर्ण सोडव, किमती शेवटी घाल. इथे वस्तुमान कटून जातं हे अक्षरांत सोडवलं तरच दिसतं, आणि २ किलो हा आकडा नुसता चकवा होता हेही कळतं. उत्तर दोन-तीन सार्थ अंकांत, एककासहित. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे सगळे नऊ अंक उतरवू नयेत. मग एक ओळ तपासणीची. हे सगळं वेळेत बसतं. दोन तासांत ३५ गुण म्हणजे गुणाला साधारण साडेतीन मिनिटं, ५ गुणांच्या गणिताला सतरा. तू हे गणित तीन मिनिटांत उरकलंस आणि शेवटची वीस मिनिटं बसून काढलीस, असं तूच लिहिलंयस.

कॅल्क्युलेटरवरून एक. बारावीला तो चालत नाही, लॉग टेबलवर भागवावं लागतं. त्यामुळे पहिल्या वर्षी बऱ्याच जणांच्या हातात तो नवाच असतो. तो रेडियनवर असेल तर साइन ३० ची किंमत ०.५ ऐवजी उणे ०.९८८ दाखवतो. हॉलमध्ये बसल्यावर पहिलं काम, साइन ३० दाबून बघायचं.

डेरिव्हेशनचंही असंच होतं. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचं प्वाझेचं सूत्र घे. मुलं शेवटची ओळ पाठ करतात आणि मधल्या चार ओळी अंदाजाने भरतात. परीक्षक आधी गृहीतकं शोधतो: प्रवाह स्थिर आणि स्तरीय आहे, भिंतीला चिकटलेल्या थराचा वेग शून्य आहे, नळी आडवी आहे. मग बलांचा तोल, मग वेगासाठी एक संकलन आणि एकूण प्रवाहासाठी दुसरं. दुसऱ्या संकलनाच्या मर्यादा शून्य ते त्रिज्या अशा लिहिलेल्या नसतील, तर शेवटचं सूत्र बरोबर असूनही निम्मे गुण जातात. डेरिव्हेशन वहीत बघून तीनदा उतरवण्यापेक्षा वही मिटून एकदा लिही, आणि जिथे अडशील तिथेच वही उघड.

तू बारावीला गणित घेतलं होतंस की नाही, हे पत्रात नाही. जीवशास्त्र गटातून आली असशील तर तुझी खरी अडचण भौतिकशास्त्राच्या आधी इथे आहे. घातांक, साइन, कॉस आणि घातांकी फलन यांचं विकलन आणि संकलन एवढं पक्कं कर. रोज तासभर दिलास तर दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. त्याशिवाय बदलत्या बलाचं एकही गणित सुटणार नाही, आणि पहिल्या वर्षात अशी गणितं येतच राहतात.

प्रॅक्टिकलमध्ये मात्र तुझ्यावर थोडा अन्याय झाला असावा असं मलाही वाटतं, आणि तरी ३१ गुणांचं कारण तुझ्या जर्नलमध्येच आहे. तू साध्या लंबकाची रीडिंग पाठवली आहेस: लांबी १००.० सेंटिमीटर, २० आंदोलनांना ४०.५ सेकंद. त्यावरून ‘जी’ ९.६३ येते. खाली तू फक्त ‘मानवी चुकीमुळे फरक’ असं लिहिलंयस. या वाक्याला कुठलाच परीक्षक गुण देणार नाही, कारण ते कुठल्याही प्रयोगाखाली लिहिता येतं. आकडे मांडून बघू. स्टॉपवॉच दाबण्यातली चूक ०.२ सेकंद धरली तर ४०.५ मध्ये ती अर्धा टक्का होते. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून ‘जी’मध्ये ती एक टक्का. लांबीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे ०.१ टक्का. एकूण १.१ टक्के, म्हणजे साधारण ०.१. तुझं उत्तर झालं ९.६ ± ०.१. महाराष्ट्रात कुठेही ‘जी’ची खरी किंमत ९.७८ ते ९.७९ च्या आसपास असते, आणि ती तुझ्या पट्ट्यात बसत नाही. म्हणजे हाताच्या चुकीने हे झालेलं नाही, एकाच दिशेला ओढणारी दुसरी चूक आहे. तुझ्या आकृतीत लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजलेली दिसते. गोळ्याची त्रिज्या तू १.५ सेंटिमीटर दिली आहेस. ती मिळव, लांबी १०१.५ होते आणि ‘जी’ ९.७७. चूक सापडली!

यातली खरी मजा पुढे आहे. तू पाच वेगवेगळ्या लांब्यांची रीडिंग घेतली होतीस, पण आलेख न काढता पाचही ‘जी’ काढून सरासरी घेतलीस. प्रत्येक लांबीत १.५ सेंटिमीटर कमी असल्याने सरासरीही कमीच आली. लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला असतास तर रेघ आरंभबिंदूतून गेली नसती, १.५ सेंटिमीटर बाजूला सरकली असती, पण तिचा चढ बरोबरच राहिला असता. चढावरून काढलेली ‘जी’ या चुकीतून आपोआप सुटते. आलेखाला वेगळे गुण का ठेवतात, ते यावरून कळेल. अक्षांवर राशी आणि एकक, निम्म्याहून जास्त कागद व्यापेल असं प्रमाण, बिंदूंना जोडत जाणारी मोडकी रेघ न काढता मधून जाणारी एकच सरळ रेघ, आणि चढ काढताना रीडिंगचे बिंदू न वापरता रेघेवरचे दोन दूरचे बिंदू.

ज्यांनी ९.८ लिहून चाळीसच्या वर गुण घेतले त्यांच्याबद्दल काय सांगू? त्यांची वही व्यवस्थित होती, तक्ता पूर्ण होता, आणि तपासणाऱ्याने रीडिंग उलटं करून पाहिलं नाही. हे होतं आणि व्हायला नको. पण व्हायवात ‘वीसच आंदोलनं का मोजली, एक का नाही?’ असं विचारलं की ही मंडळी अडकतात. तुला उत्तर देता येईल: एकाच आंदोलनावर ०.२ सेकंदांची चूक धरली तर ती दहा टक्के, आणि ‘जी’मध्ये वीस. रीडिंग बदलण्याच्या मोहात पडू नकोस. खरं रीडिंग आणि खाली चार ओळींचं असं विश्लेषण, याला गुण कापायला परीक्षकाला कारणच उरत नाही.

आता निर्णयांकडे वळू. पुनर्मूल्यांकनाला अर्ज करावा का? या दोन पानांच्या भरवशावर करू नकोस. तिथे दिलेले गुण मला रास्त वाटतात. पण फोटोकॉपी पूर्ण हातात आहे तर आज रात्री बसून चार गोष्टी बघ. प्रत्येक उपप्रश्नावर गुण पडलेत का, की एखादं पान न तपासता उलटलंय? आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात जसेच्या तसे आलेत का? बेरीज बरोबर आहे का? पुरवणी घेतली होतीस तर तिची पानं आहेत का? यातलं काही चुकलेलं निघालं तर अर्ज करच, आणि नुसतं ‘गुण कमी वाटतात’ न लिहिता प्रश्न क्रमांक आणि पान क्रमांक लिही. काही निघालं नाही तरी दुसऱ्या परीक्षकाच्या हातून २ गुण वाढू शकतात, पण तो जुगार आहे. गुण कमी होण्याची भीती तुला फारशी नाही, कारण नापास तू आहेसच; जाईल ती फी. मात्र मुदत चुकवू नकोस. आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला पेपर पुन्हा देण्याचा, परीक्षा अर्ज भरायचा थांबू नकोस. अर्जाची तारीख अनेकदा आधीच निघून जाते, मग दोन्हीकडून जायची वेळ येते. दोन्ही अर्ज भर.

विभागप्रमुखांकडे जरूर जा, पण गुण वाढवून मागायला नको. ते त्यांच्या हातात नसतं. कृपागुण अध्यादेशाप्रमाणे निकाल लावतानाच विचारात घेतलेले असतात, विनंतीवर मिळत नाहीत. फोटोकॉपी घेऊन जा आणि विचार: “मॅडम, या गणिताच्या पाच गुणांची विभागणी कशी होती? एटीकेटीला माझे इंटर्नलचे १३ तसेच राहतील का? गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रयत्नाची काही खूण येते का?” विषय समजून घ्यायला आलेल्या मुलीला नाही म्हणणारे शिक्षक कमी, बहुतेक जण पुढच्या पेपरचे दोन प्रश्नही सोडवून दाखवतात.

या ‘एफ’ने किती बिघडतं, तेही बघून घे. तुझं सत्र २२ क्रेडिटचं आहे. या पेपरात ५ ग्रेड पॉइंट मिळाले असते तर २ क्रेडिटचे १० झाले असते. १० भागिले २२, म्हणजे एसजीपीएत (सत्राच्या ग्रेड पॉइंटांच्या सरासरीत) ०.४५ चा फरक. एटीकेटीत सुटलीस की तो भरून निघतो. वर्ष वाया गेलेलं नाही.

रसायनशास्त्राचं म्हणशील, तर ते आवडतं म्हणून घ्यायचं असेल तर खुशाल घे. गणितापासून सुटका म्हणून घेत असशील तर थांब. प्रथम क्रमांकाच्या अभिक्रियेचा दर काढताना तेच संकलन, ऊष्मागतिकीत तीच आंशिक विकलनं, आणि तिथलीही लेखी परीक्षा न पाहिलेला प्रश्न विचारणार. मेजर ठरवायला अजून एक सत्र हातात आहे. दुसऱ्या सत्राची पहिली टेस्ट होईपर्यंत दर आठवड्याला पाच गणितं अशी सोडव जी क्वेश्चन बँकेत नाहीत, आणि प्रत्येकाला वरचाच क्रम. त्यातली तीन स्वतःची स्वतः सुटू लागली तर भौतिकशास्त्र सोडायचं कारण उरत नाही. दोन महिन्यांनंतरही एकच सुटत असेल आणि बसायचाच कंटाळा येत असेल, तर विषय बदलण्यात कमीपणा कसला?

पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला, तू आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही, सरांना एवढं विचारून घ्या: इंटर्नल कशाकशाचं आणि किती गुणांचं? टेस्टला आजारी पडलं तर पुन्हा घेणार का, आणि वैद्यकीय दाखला किती दिवसांत द्यायचा? ७५ टक्के हजेरी थिअरी आणि प्रॅक्टिकलची वेगळी मोजतात का? लेखी परीक्षेत स्थिरांक छापून देतात की पाठ हवेत? कॅल्क्युलेटर कोणता चालतो? जर्नल दर आठवड्याला तपासून सही घ्यायची की शेवटी? शेवटी चालतं असं म्हणाले तरी सही दर आठवड्यालाच घ्या. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात प्रयोगशाळेबाहेर जी रांग लागते तिच्यात उभं राहून कुणाचंच विश्लेषण धड लिहून होत नाही.